साथ आली की नर्सबाईंना एकटं पाडू नका

पुण्याच्या मार्केट यार्डात माल घेऊन जाणाऱ्यांना बिबवेवाडी नवी नाही. यार्डातून बाहेर पडून दक्षिणेला टेकडीकडे वळलं की बिबवेवाडी लागते. नावात वाडी असली तरी आज तो शहराचा दाट वस्तीचा भाग आहे. तिथे कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. टेकडीच्या अंगाला अप्पर इंदिरानगरसारख्या वस्त्या आहेत, त्यात एकेका खोलीत अख्खं कुटुंब राहतं. अशा ठिकाणी एक माणूस तापाने पडला तर दुसऱ्याला वेगळं झोपवायला जागा कुठून आणणार?

२०२० च्या एप्रिलमध्ये करोनामुळे मार्केट यार्ड बंद ठेवावं लागलं. आपला माल शेतातच राहिला, ते दुखणं आपण विसरलेलो नाही. पण त्याच दिवसांत दवाखान्यातल्या नर्सबाई काय सोसत होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक आहे. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून त्यांच्याविषयी बोलू.

पुण्याला साथी नव्या नाहीत

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी तिथे पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचं निधन झालं. जो रोग्याच्या जवळ जातो त्यालाच धोका जास्त, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे.

पुढे २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोना रुग्ण पुण्यातच सापडले आणि महापालिकेच्या डॉ. नायडू रुग्णालयात दाखल झाले. तिथल्या परिचारिका छाया जगताप यांना त्याच महिन्यात पंतप्रधानांनी फोन करून विचारपूस केली होती.

हे सगळं शहरातलं, असं म्हणू नका. राज्यातला पहिला झिका रुग्ण २०२१ च्या जुलैत सापडला तो पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात. २०२५ च्या जानेवारीत गुइलेन-बॅरे, म्हणजे जीबीएस या आजाराचे रुग्ण वाढले ते नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या भागांत. कालपरवापर्यंत तिथे ग्रामपंचायत होती.

फवारणीचा पोशाख आठवा

नर्सबाईंची पहिली अडचण आपल्याला सहज समजेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून कृषी खात्याची आम्ही माणसं तोंडाला मास्क, हातात मोजे, डोळ्यांना चष्मा असं घसा कोरडा करून सांगतो. आपण म्हणता, साहेब, उन्हात जीव गुदमरतो. खरं आहे. आता विचार करा, तसाच बंद पोशाख घालून सलग सहा-सहा तास काम करायचं. एकदा चढवला की पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही. चष्म्यावर वाफ धरते. दुहेरी मोज्यांतून शीर हाताला लागत नाही, तरी सुई बरोबर लागली पाहिजे. पाळी असलेल्या बाईचे काय हाल होत असतील ते घरातल्या माणसांना विचारा.

आणि खरा धोका पोशाख काढताना असतो. फवारणीच्या कपड्यांना बाहेरून विष लागलेलं असतं, तसे इथे रोगाचे जंतू असतात. दमलेल्या माणसाने घाईत बाहेरची बाजू चाचपून तोच हात डोळ्याला लावला की संपलं. म्हणून प्रत्येक टप्प्याला हात धुवायचे असतात.

हात कमी, काम फार

गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरला तर आपण काय करतो? आजारी जनावर वेगळं बांधतो. आधी निरोगी जनावरांचं चारापाणी उरकतो, मग आजाऱ्याकडे जातो. बादली वेगळी, माणूसही शक्यतो वेगळा. दवाखान्यातला नियम हाच आहे. पण त्यासाठी माणसं लागतात. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असं मानक आहे. साथीत खाटा वाढतात, यंत्रंही आणता येतात, पण शिकलेली नर्स रातोरात तयार होत नाही. त्यातल्याच काही जणी आजारी पडतात आणि उरलेल्यांवर दुप्पट भार येतो.

प्रत्येक आजाराचं कामही निराळं. जीबीएस माणसापासून माणसाला होत नाही, बहुधा दूषित पाण्यातून किंवा अन्नातून झालेल्या संसर्गानंतर तो उद्भवतो. पण त्यात हातपाय लुळे पडतात. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. श्वासनळीतला कफ ओढावा लागतो. हे आठवडेच्या आठवडे चालतं. डॉक्टर फेरी मारून जातात, रात्रभर उशाशी नर्सच असते.

करोनात तर नातेवाइकांना आत सोडत नव्हते. तेव्हा रुग्णाला धीर देणं, घरच्यांशी फोनवर बोलणं करून देणं आणि वेळ आली तर शेवटचं पाणी तोंडात घालणं, हेही त्यांनीच केलं. त्याचा मनावर बसलेला घाव कुठल्या नोंदवहीत येत नाही.

घराचं दार बंद

सर्वांत वाईट भाग रोगाचा नाही, माणसांचा आहे. २०२० साली देशात अनेक ठिकाणी घरमालकांनी परिचारिकांना खोली सोडायला सांगितलं. कुणी हल्ले केले. अखेर १८९७ च्याच साथरोग कायद्यात २०२० साली दुरुस्ती करावी लागली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड, गंभीर इजा केल्यास सहा महिने ते सात वर्षे कैद आणि एक ते पाच लाख रुपये दंड आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे. पोलीस पाटलांनी हे गावाला समजावून सांगावं.

केरळात २०१८ साली निपाहच्या रुग्णाची सेवा करताना लिनी पुथुसेरी ही तरुण परिचारिका दगावली. तिच्यामागे दोन लहान मुलं होती. नर्सलाही घरदार असतं, याचा विसर पडू देऊ नये.

गावाने काय करावं?

आपल्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेकडे सपाट भागात साधारण पाच हजार लोकसंख्या असते. तिच्या मदतीला आशाताई. या दोघींचे हात बळकट करणं सरपंच, ग्रामसेवक आणि आपल्या सर्वांच्या हातात आहे.

१) उपकेंद्रात नळाला पाणी, साबण, वीज आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, हे साथ येण्याआधी पाहा. पाण्याविना हात धुवायला सांगणं ही थट्टा आहे.

२) ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीची बैठक कागदावर न घेता खरोखर घ्या. निधी कशावर खर्चायचा, हे आरोग्यसेविकेला विचारा.

३) टीसीएल पावडर वेळेवर आणा. जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी करूनच पाणी सोडावं. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. जितके रुग्ण कमी, तितका नर्सचा भार कमी.

४) सर्वेक्षणाला आल्या की ताप लपवू नका. लपवलेला एक रुग्ण दहा घरं पाडतो.

५) वापरलेले मास्क, मोजे, सुया उकिरड्यावर टाकू नका. तेच खत उद्या आपल्या हातांनी शेतात जातं.

६) बाहेरगावची नर्स असेल तर साथीच्या दिवसांत तिची खोली, जेवण आणि रात्री-अपरात्री ये-जा करताना सोबत, याची जबाबदारी गावाने घ्यावी.

पाऊस पडण्याआधी आपण बांध नीट करतो, कारण पाणी आल्यावर माती धरून ठेवता येत नाही. साथीचंही तसंच आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि त्या सभेला आरोग्यसेविकेला मानाने बोलवा. तिला काय हवं, ते तिच्याच तोंडून ऐका आणि ठरावात लिहून घ्या.