रस्सीखेच : कुत्र्याची खरी कमाई

कुत्र्याला शिकवायचं म्हणजे खिशात बिस्किटं हवीतच, असं नाही. बॉम्ब किंवा अमली पदार्थ हुंगून शोधणाऱ्या अनेक श्वानांना बक्षीस मिळतं ते चेंडूचं, नाहीतर गुंडाळलेल्या टॉवेलशी रस्सीखेचीचं. शोधणं, पाठलाग करणं, पकडणं, झटकणं ही शिकारीची साखळी त्यांच्या रक्तातच आहे, आणि ओढाओढीत तिचा सगळ्यात रंगतदार भाग जगायला मिळतो.

‘जिंकू दिलं तर कुत्रा डोक्यावर बसतो’ ही भीती मात्र सोडा. संशोधक निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी 2002मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 14 गोल्डन रिट्रीव्हर वारंवार जिंकले, हरले. वर्चस्व काही वाढलं नाही. उलट खेळानंतर ते माणसाकडे अधिक लक्ष देऊ लागले.

खरी किल्ली ‘सोड’ या शब्दात आहे. ‘सोड’ म्हणा, दोरी ओढणं थांबवा, हात स्थिर ठेवा. कुत्र्यानं तोंड उघडताच पुन्हा ‘घे’ म्हणा. सोडलं की खेळ परत मिळतो, हे कळल्यावर तो आनंदानं सोडतो. दात हाताला लागले, तर खेळ तिथंच थांबवा. दोरी खाली धरून डावी-उजवीकडे हलवा. वर हिसडा दिला तर मानेवर ताण येतो. दात पडण्याच्या वयातल्या पिल्लाशी तर फारच हळुवार खेळा.