कॉम्प्युटर बंद होता होत नाही तेव्हा...

२०२३ सालचा जुलै महिना. एक रुपयात पीकविमा मिळण्याचे ते पहिलेच वर्ष. नांदेड-लातूर रस्त्यावर अहमदपूरच्या अलीकडे आमच्या भाच्याचे सेवा केंद्र आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बोटांचे ठसे घेणारे एक यंत्र, एवढाच पसारा. विम्याची मुदत ३१ तारखेला संपायची होती, त्यामुळे ३० तारखेच्या रात्री साडेदहापर्यंत माणसे सातबारा अन् आधार कार्ड पिशवीत घालून ओट्यावर बसलेली. सगळी गेल्यावर भाच्याने ‘शट डाउन’ दाबले. पडद्यावर चकरी फिरू लागली ती फिरतच राहिली. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. हे रोजचेच झाले होते. दिवसभर बसून पोराची पाठ आखडलेली. त्याने सरळ भिंतीतली पिन उपटली आणि जेवायला निघून गेला.

सकाळी सातला कॉम्प्युटर सुरू केला, तर तो काम सोडून स्वतःचीच डिस्क तपासत बसला. टक्क्यांचा आकडा मुंगीच्या चालीने सरके. बाहेर रांग वाढत होती. एका म्हातारीने आत डोकावून विचारले, “लेकरा, उठलं का नाही रे तुझं मशीन?” दुपार झाली तरी उठले नव्हते. काही माणसे अहमदपूरला गेली, काही तशीच घरी. मुदत पुढे ३ ऑगस्टपर्यंत वाढली म्हणून निभावले. नाहीतर त्या म्हातारीच्या दोन एकर सोयाबीनचा विमा एका पिनेपायी राहिला असता. एक रुपयाची ती सवलत २०२५ च्या खरिपापासून गेली, पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्याची आपली सवय काही गेलेली नाही.

आता हे होते कसे, ते पाहू. मोंढ्यातले आडत दुकान संध्याकाळी बंद होताना आपण पाहतो. मुनीम आधी हमालांना मोकळे करतो, दिवसभराच्या चिठ्ठ्या कीर्दीत उतरवतो, गल्ला जुळवतो आणि मग शटर ओढतो. कॉम्प्युटरचे बंद होणे असेच असते. तो चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला ‘आवरा’ म्हणून सांगतो, तात्पुरत्या मेमरीत राहिलेला मजकूर डिस्कवर लिहून ठेवतो आणि मगच वीज तोडतो. यात एखादा गडी उठायलाच तयार नसला की मुनीम ताटकळतो. नेमक्या लिहिण्याच्या वेळी पिन उपटली, तर कीर्दीतली ओळ अर्धी राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी चालते ते त्या चुकलेल्या हिशेबाची जुळवाजुळव.

म्हणून चकरी दिसली की आधी सीपीयूच्या डब्यावरचा डिस्कचा बारीक दिवा पाहावा. तो लुकलुकत असेल तर आत काम चालू आहे. अपडेट बसत असेल तर पडद्यावर तसे लिहूनही येते. जुन्या हार्ड डिस्कवर त्याला अर्धा तास काय, तासही लागतो. अशा वेळी हात लावू नये. दिवा बराच वेळ हललाच नाही, तरच चालू करायचे बटन दहा सेकंद दाबून धरावे. हीही जबरदस्तीच आहे, पण लिहिणे थांबलेले असल्याने नुकसान कमी होते.

रोजच अडकत असेल तर मात्र अडवणारा गडी शोधायला हवा. कधी कधी पडद्यावर त्याचे नावच येते, मग काम सोपे. बंद करण्यापूर्वी प्रिंटरकडे छापायचे राहिलेले कागद अडकून पडले असतील तर ते रद्द करावेत, पेन ड्राइव्ह काढून घ्यावा. एवढ्याने भागले नाही तर अर्धे-अर्धे करून शोधावे. शेतातली पाइपलाइन कुठे फुटली ते कळत नसले की आपण मधला व्हॉल्व्ह बंद करून आधी एक अर्धा भाग पाहतो ना, तसेच. विंडोजमध्ये ‘एम-एस-कॉन्फिग’ अशी अक्षरे टाइप केली की एक खिडकी उघडते. तिच्यात ‘सर्व्हिसेस’वर जाऊन आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ या चौकटीत खूण करावी. ही खूण विसरू नका, नाहीतर घरचीच माणसे बाहेर काढाल. उरलेल्यांपैकी निम्म्या बंद करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा आणि मग बंद होतो का पाहावे. हे सगळे गिऱ्हाईक गेल्यावर करायचे.

भाच्याच्या यादीत चौदा नावे उरली होती. मी शेजारी वही घेऊन बसलो. सात बंद, सात चालू. पुढे चार, पुढे दोन. चौथ्या फेरीला चोर सापडला. ठशांचे यंत्र आदल्या वर्षी बदलले होते, पण जुन्या यंत्राचे सॉफ्टवेअर काढायचे राहून गेले होते. ते बिचारे नसलेल्या यंत्राची वाट पाहत बसे आणि उठत नसे. ते काढून टाकले, बाकीची नावे पुन्हा चालू केली. चकरी आता मिनिटभरही फिरत नाही. वर्षभर त्या पोराने प्रिंटरला शिव्या दिल्या होत्या!

आणखी एक गंमत पुष्कळांना माहीत नसते. २०१२ साली विंडोज ८ आले, तेव्हापासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद असे राहिले नाही. लवकर सुरू व्हावे म्हणून कॉम्प्युटर आतला काही भाग डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवतो. जुन्या यंत्रात कधी कधी हा गोठवलेला भागच नडतो. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केले तर पूर्ण बंद होते. तसे केल्यावर त्रास थांबत असेल, तर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्समध्ये ‘फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढून टाकावी. ‘रीस्टार्ट’ नेहमी पूर्णच असते. आणि रीस्टार्ट करताना पडदा काळा होऊन सुरुवातीलाच अडकला, तर आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढा. कॉम्प्युटर त्याच्यातच विंडोज शोधत बसलेला असू शकतो.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र यातले काहीच करू नका. फोटो, कागदपत्रे, हिशेब आधी दुसरीकडे उतरवून घ्या आणि मग दुरुस्तीवाल्याकडे जा.

राहता राहिली लाईट. ती आपल्याला विचारून जात नाही, म्हणजे पिन न उपटताही पिन उपटल्यासारखेच होते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईट जाते आणि बॅटरी लागते त्यामधल्या क्षणातच पुष्कळ कॉम्प्युटर बंद पडतात. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ असे लिहिलेले लहानसे बटन असते, ते त्या बाजूला करून ठेवावे. छोटा स्वतंत्र यूपीएस घेतला तर उत्तमच, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि लाईट जाईपर्यंत ते कळत नाही. एखाद्या रिकाम्या दिवशी त्याला कॉम्प्युटरऐवजी एक बल्ब लावा, भिंतीतली पिन काढा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटे निघाली नाहीत तर बॅटरी बदला.