चिनी शिकायचंय, पण कोणत्या शहरात?

नगर-पुणे रस्त्यावर सुपा औद्योगिक वसाहतीत 'मिडिया' या चिनी कंपनीचा कारखाना आहे. थोडं पुढे रांजणगावला 'हायर'चा. डॉक्टरकीसाठी चीनला गेलेली मुलंही आता आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. त्यामुळे बारावी किंवा पदवी झालेल्या मुला-मुलींच्या घरांत हल्ली एक प्रश्न निघतो: चिनी भाषा शिकायला परदेशी पाठवायचं, तर कुठे? एजंटाच्या हातात रंगीत पत्रक असतं आणि त्यावर ज्या शहराचं नाव असेल, तेच त्याच्या मते उत्तम असतं. अब्बांनी वर्षानुवर्षं जमवलेले पैसे एकदाच खर्च होणार असतात. म्हणून शहर निवडण्यापूर्वी काय पाहावं, ते आम्ही इथे मांडत आहोत.

इल्म आणि चीन यांची जोड घालणारं एक वचन आपल्या घरांत नेहमी सांगितलं जातं. मुहद्दिसांनी त्याची सनद कमकुवत ठरवली आहे. तेव्हा त्या वचनाच्या भरवशावर नव्हे, तर नीट चौकशी करूनच निर्णय घ्यावा.

पहिली गोष्ट म्हणजे वर्गातली भाषा आणि रस्त्यावरची भाषा एक आहे का? चीनमध्ये सगळीकडे एकच बोली नाही. मँडरिन, म्हणजे तिथली 'पुथोंगहुआ', ही शाळेची, कार्यालयांची भाषा. तिचे उच्चार पेइचिंगच्या, म्हणजे आपण म्हणतो त्या बीजिंगच्या, बोलीवर आधारलेले आहेत. क्वांगचौत मात्र घराघरांत कँटोनीज चालते आणि शांघायची स्वतःची वेगळी बोली आहे. तरुण मंडळी मँडरिन बोलतात, पण भाजीवाल्या आजीबाईंचं बोलणं नवख्याच्या कानाला लागत नाही. पहिल्या वर्षी कान तयार व्हायचा असतो, म्हणून सुरुवात उत्तरेकडे केलेली बरी.

उत्तरेत पेइचिंग पहिलं. परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्यासाठी 1962 मध्ये सुरू झालेलं 'पेइचिंग भाषा व संस्कृती विद्यापीठ' तिथे आहे. नियूचिए मशीद आणि तिच्याभोवतीची जुनी मुस्लिम वस्ती याच शहरात आहे. या मशिदीची स्थापना परंपरेने इ. स. 996 ची मानतात. अडचणी दोन. शहर महाग आहे, आणि परदेशी विद्यार्थी इतके की वर्ग सुटला की इंग्रजीतच गप्पा रंगतात. हारबिनचे उच्चारही प्रमाण भाषेच्या जवळचे मानले जातात आणि खर्च कमी. पण जानेवारीच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो. नगरच्या उन्हात वाढलेल्या लेकराने याचा विचार आधीच करावा.

शीआनचं नाव आपल्या घरांसाठी मुद्दाम घ्यायला हवं. रेशीम मार्गाच्या या टोकाला 'हुई' मुसलमानांची मोठी वस्ती आहे. हुई हे चिनी भाषाच बोलणारे मुसलमान, देशभरात एक कोटीहून अधिक. शीआनची मोठी मशीद लाकडी, चिनी धाटणीची. हलाल जेवण पावलोपावली. स्थानिक लोकांच्या बोलण्यात हेल असतो, पण ती मँडरिनच्याच कुळातली बोली आहे. थोड्या सवयीने समजू लागते.

व्यापारासाठी जाणाऱ्याचं गणित निराळं. क्वांगचौचा निर्यात मेळा 1957 पासून भरतो आणि यीवूत किरकोळ मालाचा प्रचंड घाऊक बाजार आहे. दोन्हीकडे मशिदी आहेत, भारतीय व्यापारीही भेटतात. पण भेटणारे आपलेच असले की जीभ हिंदीकडे वळते. आधी उत्तरेत एक वर्ष भाषा पक्की करावी आणि मग तिकडे धंदा शिकायला जावं, असं आम्हाला वाटतं.

तैवानची राजधानी तैपेई हा आणखी एक पर्याय. तिथल्या राष्ट्रीय सामान्य विद्यापीठाचं मँडरिन प्रशिक्षण केंद्र 1956 पासून चालू आहे. तैपेईची मोठी मशीद 1960 ची. तैवान सरकार भाषा शिकणाऱ्यांना 'हुआयू' शिष्यवृत्ती देतं. फरक लिपीत आहे. तैवानमध्ये जुनी, जास्त रेघांची अक्षरं चालतात, तर चीनमध्ये आणि सिंगापुरात सोपी केलेली. ज्याला सुपा-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषा म्हणून काम करायचं आहे, त्याला सोपी अक्षरं यायलाच हवीत. सिंगापूर आपल्या मुलांना सोयीचं वाटतं, पण ते महाग आहे आणि तिथे इंग्रजीवर सहज निभावतं. भाषा शिकण्याच्या दृष्टीने तीच त्याची उणीव.

आता दीन आणि घर यांविषयी. चीनमध्ये हलालला 'छिंगझेन' म्हणतात. मोठ्या विद्यापीठांत बहुधा छिंगझेन खानावळ किंवा निदान एक खिडकी असते. 2019 पासून पेइचिंगच्या उपाहारगृहांवरची अरबी अक्षरं काढायला लावण्यात आली, म्हणून या शब्दाची दोन चिनी अक्षरं निघण्यापूर्वीच ओळखायला शिकावं. विद्यापीठाच्या आवारात सामूहिक नमाज, दर्स किंवा धर्मप्रचार यांना नियमाने मनाई आहे. खोलीत एकट्याने नमाज अदा करणं आणि जुम्यासाठी नोंदणीकृत मशिदीत जाणं, हाच शिरस्ता. म्हणून वसतिगृहापासून मशीद किती दूर आहे, हे नकाशावर आधी पाहावं. मुलीला पाठवत असाल, तर खोलीत किती जणी राहतात, मजला फक्त मुलींचा आहे का, रात्री दार किती वाजता बंद होतं, हे पत्राने विचारून लेखी उत्तर घ्यावं.

फोनची अडचण फार थोडे लोक सांगतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल चीनमध्ये बंद आहेत. तिथे सगळं चालतं ते वीचॅटवर, आणि वीचॅटवर भारतात जून 2020 पासून बंदी आहे. अम्मीला रोज लेकीचा आवाज ऐकायचा असेल, तर आंतरराष्ट्रीय रोमिंगचा खर्च हिशेबात धरून ठेवा.

कागदपत्रांत सहा महिन्यांहून जास्त शिक्षणासाठी 'एक्स-वन' व्हिसा लागतो आणि पोहोचल्यापासून तीस दिवसांत निवास परवाना काढावा लागतो. वसतिगृहाबाहेर राहिल्यास चोवीस तासांत पोलिसांत नोंद करावी लागते. परवानगीशिवाय नोकरी करणं गुन्हा आहे. 'तिथे कमवून फी भरेल' असं कोणी सांगितलं, तर तिथूनच उठावं.

निघण्यापूर्वी सहा महिने इथेच शिकावं. मराठी माणसाला यात एक फायदा आहे. इंग्रजी स्पेलिंगमधला चिनी 'बी' हा जवळजवळ आपला 'प' आणि 'पी' हा आपला महाप्राण 'फ', ओठ जुळवून म्हटलेला. 'चमचा'तला दंत्य च आणि 'चहा'तला तालव्य च हा भेदही आपल्या कानात आधीपासून आहे. कष्ट लागतात ते चार सुरांना. सूर बदलला की अर्थ बदलतो. एचएसके परीक्षेची पहिली पायरी घरी राहून पार केली, तर मुलाचा कल कळतो आणि तिकिटाचे पैसे वाया जाण्याची भीती कमी होते.

शहराच्या नावापेक्षा माणसांत मिसळणं मोठं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले. भाषेच्या वर्गासाठी नव्हे, जखमींच्या सेवेसाठी. ते रुग्णांत आणि सहकाऱ्यांत राहूनच चिनी बोलायला, लिहायला शिकले आणि चिनीतून शिकवूही लागले. 1942 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी मौलाना आझाद आपल्या नगरच्या किल्ल्यात कैद झाले. 'गुबार-ए-खातिर'मधल्या पत्रांत त्यांनी आपल्या आवडत्या चिनी चहाविषयी मोठ्या रसाने लिहिलं आहे. 'चहा' हा शब्दही मुळात तिकडचाच.

आमचं मत विचाराल, तर हलाल जेवण आणि मशीद जवळ हवी असेल, तर शीआन. शुद्ध उच्चार हवे असतील आणि खर्च झेपत असेल, तर पेइचिंग. चीनमध्ये जाण्याची घरच्यांची तयारी नसेल, तर तैपेई. आणि मुलाला अजून ठरवता येत नसेल, तर एक वर्ष घरीच. पैसे भरण्याआधी विद्यापीठाला थेट लिहा, तिथे शिकून आलेल्या कुणाशी तरी बोला आणि मुला-मुलीला समोर बसवून विचारा. जायचं त्यांना आहे.