संशोधनातील आधारसामग्री आणि तिची वर्णननोंद

‘१२ जुलै : ६४.२’ एवढेच लिहिलेला कागद हाती आला, तर त्यावरून काय समजावे? हा पाऊस असेल, तर तो कोठला, कोणत्या मापात मोजलेला आणि कोणत्या चोवीस तासांचा? भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या प्रथेनुसार सकाळी साडेआठला नोंदलेला पाऊस हा त्याआधीच्या चोवीस तासांचा असतो. म्हणजेच ११ तारखेच्या रात्री कोसळलेला पाऊस १२ तारखेपुढे लिहिला जातो. हे ठाऊक नसलेला अभ्यासक त्या रात्रीच्या पुराचे कारण ११ तारखेच्या रकान्यात शोधील आणि आकडे अचूक असूनही त्याचा निष्कर्ष चुकेल. आकड्यांविषयीच्या या आवश्यक माहितीस ‘मेटाडेटा’ म्हणतात. येथे तिला आपण वर्णननोंद म्हणू.

वर्णननोंदीचे महत्त्व सागरपृष्ठाच्या तापमानाच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते. १९४५ च्या उत्तरार्धात जागतिक सरासरी तापमान एकाएकी सुमारे ०.३ अंश सेल्सिअसने उतरल्याचे जुन्या आलेखांत दिसे. डेव्हिड थॉम्प्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या घसरणीचा उलगडा केला. युद्धकाळातील बहुतेक मोजण्या अमेरिकी जहाजांवरील होत्या. तेथे इंजिनासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान पाहत. युद्धोत्तर काळात ब्रिटिश जहाजांवरील मोजण्यांचे प्रमाण वाढले. त्यांवर बादलीने पाणी वर काढीत आणि मोजणी होईपर्यंत बाष्पीभवनामुळे ते काहीसे निवत असे. समुद्र एकाएकी थंड झाला नव्हता. मोजण्याची रीत बदलली होती. जहाज कोणत्या देशाचे, ही साधी माहिती जपली गेली होती, म्हणूनच हे उमगले.

मग वर्णननोंदीत काय असावे? २००९ मध्ये स्थापन झालेल्या ‘डेटासाइट’ या संस्थेच्या नमुन्यात सहा बाबी अनिवार्य आहेत : ओळखक्रमांक, कर्ता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि सामग्रीचा प्रकार. एवढ्याने सामग्री शोधता येते व तिचा निर्देश करता येतो. परंतु ती वापरण्यास एवढे पुरत नाही. त्यासाठी मोजणीचे स्थळ व काळ, एकक, उपकरण, कार्यपद्धती आणि मागाहून केलेल्या दुरुस्त्या यांचा उल्लेख हवा. मोजणी झालीच नसेल तेथे कोणती खूण वापरली, हेही लिहिले पाहिजे. कारण पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजणे या सर्वस्वी भिन्न गोष्टी होत. पहिलीस शून्य शोभते, दुसरीस नाही.

ही नोंद प्रबंध पूर्ण झाल्यावर उरकावयाचे कारकुनी काम नव्हे. उपकरण कधी बदलले, जागा का हलविली, हे मोजणाऱ्यास त्या दिवशी ठाऊक असते. वर्षभराने त्यालाही ते आठवेलच असे नाही. म्हणून आकडा आणि त्याचे वर्णन ही एकाच वेळी, एकाच हाताने लिहिली जावीत. हरवलेला आकडा निदान हरवल्याचे कळते. वर्णन हरवलेला आकडा मात्र विश्वासार्ह दिसत राहतो, आणि अनर्थ घडतो तो त्यामुळेच.