पिल्सनर : गावाचे नाव, जगाची बिअर

जगातील असंख्य बिअरच्या बाटल्यांवर 'पिल्सनर' हा शब्द छापलेला असतो. मुळात तो एका गावाचा पत्ता आहे. चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिमेकडील बोहेमिया प्रांतात प्लझेन हे शहर आहे. जर्मन भाषेत त्याला पिल्सेन म्हणतात आणि पिल्सनर म्हणजे पिल्सेनचे. या शहराने जगाला एक पेय दिले. मात्र त्या बदल्यात स्वतःच्या नावावरील हक्क त्याला गमवावा लागला.

१२९५ मध्ये वसलेल्या या शहरातील नागरिकांना बिअर बनविण्याचा हक्क राजाकडूनच मिळाला होता. परंतु तिच्या दर्जाचा भरवसा नसे. १८३८ मध्ये तर बिघडलेल्या बिअरची ३६ पिंपे नगरभवनासमोर ओतून देण्यात आली. त्यानंतर हक्कदार नागरिकांनी एकत्र येऊन सामायिक कारखाना उभारला आणि शेजारच्या बव्हेरियातून जोसेफ ग्रोल या तरुण कारागिराला पाचारण केले. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिली बिअर शिजवली. ती काळपट, गढूळ नव्हती. सोनेरी आणि पारदर्शक होती.

या रंगाचे रहस्य धान्य वाळविण्याच्या पद्धतीत होते. बार्लीला मोड आणून ती वाळविली की माल्ट तयार होतो. लाकडाच्या जाळावर वाळविलेला माल्ट करपट व धुरकट होई. प्लझेनमध्ये इंग्लंडमधील पद्धतीने, धूर न लागू देता गरम हवेवर तो वाळविण्यात आला. बव्हेरियातील यीस्टचे वैशिष्ट्य असे, की ते थंडाव्यात संथपणे काम करते आणि शेवटी तळाशी बसते. अशी बिअर पुढे कित्येक आठवडे थंड जागी मुरवावी लागते. साठविणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरूनच तिला 'लागर' हे नाव पडले. म्हणजे कारागीर परका, वाळविण्याची रीतही परकी. प्लझेनचे स्वतःचे होते ते पाणी. तेथील पाण्यात क्षार अत्यंत कमी असल्याने झाटेक परिसरातील हॉप्सचा कडवटपणा जिभेला टोचत नाही. पाण्याचे हे दान मोठेच म्हणायचे.

'पिल्सनर उर्केल' या मूळ बिअरसाठी आजही भरडलेला माल्ट पाण्यात कालवून त्याचा काही भाग वेगळा काढतात, तांब्याच्या भांड्यात थेट जाळावर उकळतात आणि पुन्हा मूळ मिश्रणात सोडतात. हे एकदा नव्हे, तीनदा केले जाते. इंधन व वेळ दोन्ही खाणारी ही पद्धत बहुतेक कारखान्यांनी केव्हाच सोडून दिली. शहराखाली खोदलेल्या सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या तळघरांत पूर्वी बिअर लाकडी पिंपांत मुरत असे. १९९०च्या दशकात तिची जागा पोलादी टाक्यांनी घेतली. तरीही थोडी बिअर जुन्या रीतीने ओकच्या पिंपांत आंबवतात. नव्या टाक्यांतील चव जुन्या चवीशी जुळते की नाही, हे पडताळून पाहणे हा त्यामागील हेतू. तळघर पाहायला येणाऱ्यांना ती न गाळता चाखायला मिळते.

रेल्वेमुळे ही बिअर युरोपभर पोहोचली आणि तिच्या पाठोपाठ नकलाही आल्या. कारखान्याने १८९८ मध्ये 'उर्केल', म्हणजे मूळ झरा, असे नाव नोंदविले. परंतु 'पिल्सनर' हा शब्द आता ठिकाण दाखवीत नसून बिअरचा प्रकार दाखवितो, असा निकाल १८९९ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने दिला. परकी विद्या उसनी घेऊन नाव कमावणाऱ्या गावाला तो अन्यायकारक वाटला असेल. तो सर्वस्वी चुकीचा होता, असे मात्र म्हणता येणार नाही.

कारखान्याची मालकीही पुढे गावाकडे राहिली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तो सरकारजमा झाला, १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका उद्योगसमूहाकडे आणि २०१७ मध्ये जपानच्या असाही कंपनीकडे गेला. मधल्या काळात काही वर्षे ही बिअर पोलंडमध्येही तयार होत होती. खुद्द चेक प्रजासत्ताकात मात्र इतर कारखाने आपल्या सोनेरी बिअरला आजही पिल्सनर म्हणत नाहीत. तेथे तिला नुसती 'फिकट लागर' म्हणतात. पिल्सनर म्हणजे प्लझेनचीच.