घरगुती पाककृतींचें दप्तर आणि संगणक

शेतकऱ्याच्या घरीं जमिनीचें दप्तर असतें. सातबाराचा उतारा, मोजणीचा नकाशा, सोसायटीच्या कर्जाचें पासबुक, हीं सर्व तो पेटींत जपून ठेवितो. कारण कागद हरवला तर हक्क हरवतो, हें त्यास पिढ्यांच्या अनुभवानें ठाऊक आहे. परंतु त्याच जमिनींत पिकलेल्या मालाचें घरांत काय होतें, कोणत्या केळ्यांचीं सुकेळीं होतात, कोणत्या तांदळाची भाकरी मऊ राहते, मसाल्यास मिरची किती व कोणती, याचें दप्तर बहुतेक घरीं नाहीं. तें वडीलधाऱ्या बायकांच्या हातांत आणि जिभेवर आहे. ज्या दिवशीं तो हात थांबतो, त्या दिवशीं तें दप्तरहि बंद होतें. आणि त्याची नक्कल कोणत्याहि कचेरींत मिळत नाहीं.

वसई-विरारच्या पट्ट्यांत ही गोष्ट विशेष निकडीची आहे. येथें 2009 सालीं महानगरपालिका झाली आणि 2014 सालीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आगाशी, बोळिंज, नंदाखाल, निर्मळ, वाघोली या गांवांच्या आसपास केळीच्या, पानवेलीच्या व फुलांच्या वाड्या होत्या. त्यांपैकीं पुष्कळ जागा इमारतींखालीं गेली. जिन्नस दुर्मिळ होतो आणि कृति विसरली जाते, या दोन गोष्टी एकमेकींस कारण होतात. सुकेळीं करणारे हात कमी झाले म्हणून राजेळी केळ्यास गिऱ्हाईक राहत नाहीं, आणि राजेळी कोणी लावीत नाहीं म्हणून सुकेळीं करणें राहून जातें. सबब पाककृतीची नोंद हा केवळ स्वयंपाकघराचा विषय नसून शेतीचाच विषय आहे.

पाककृतींचा संग्रह ठेवण्यासाठीं खास तयार केलेल्या संगणक-प्रणाली आज मिळतात व त्या मोबाइलवरहि चालतात. त्यांचा उपयोग आपल्या घरीं कसा करावा, आणि त्या कोणतें काम करूं शकत नाहींत, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

मापांचा घोटाळा

यंत्रापूर्वीं मापाचा विचार करणें अवश्य आहे. मराठींत पाकशास्त्राचीं छापील पुस्तकें नवीं नाहींत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ 1875 सालीं व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालीं निघालें. पुढें 1970 च्या सुमारास कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें प्रमाण घरोघर पोहोंचविलें. परंतु घरच्या जुन्या वह्यांतील मापें याहून फार अडचणीचीं असतात.

एखाद्या वहींत ‘मिरची एक शेर’ असें लिहिलेलें आढळतें. हा शेर कोणता? मुंबईचा जुना मण 28 पौंडांचा व त्याचे शेर 40. म्हणजे तो शेर सुमारे 318 ग्रॅमांचा झाला. उलट 80 तोळ्यांचा पक्का शेर सुमारे 933 ग्रॅमांचा. एकाचा अर्थ दुसऱ्यावर लावला तर मसाला जवळजवळ तिप्पट तिखट होईल, किंवा तिसऱ्या हिश्श्यावर येईल. धान्य मापावयाचा शेर तर आणखी निराळा. तें वजनाचें माप नसून आकाराचें आहे. वजनमापांचा दशमान कायदा 1956 सालचा असून त्याची अंमलबजावणी 1958 पासून सुरू झाली. तेव्हां त्यापूर्वींच्या वहींतील प्रत्येक आंकडा संशयानेंच वाचला पाहिजे.

वाटीचेंहि तसेंच आहे. प्रत्येक घरची वाटी निराळी. आणि एकाच वाटींत तांदूळ भरले व त्याच वाटींत तांदळाचें पीठ भरलें तर दोहोंचें वजन सारखें येत नाहीं. संगणकांत ‘दोन वाट्या’ असें लिहिल्यानें ती वाटी प्रमाणशीर होत नाहीं. चुकीचें माप जसेंच्या तसें, मात्र अधिक नीटनेटकें, पुढील पिढीकडे जातें एवढेंच.

माप कसें घ्यावें

आजीबाईंस ‘मीठ किती घालतां?’ असें विचारल्यास ‘अंदाजानें’ हेंच उत्तर येणार. हा अंदाज पन्नास वर्षांच्या अनुभवाचा असतो. तो प्रश्न विचारून सांपडत नाहीं व मध्येंच हात अडविल्यास बिघडतो. यास सोपी युक्ति अशी कीं, हात मोजूं नये, डबा मोजावा. मिठाचा, मिरचीचा, पिठाचा डबा स्वयंपाकापूर्वीं कांट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावें; स्वयंपाक झाल्यावर पुन्हां वजन करावें. जी घट आली तेंच त्या हाताचें माप. असें निरनिराळ्या दिवशीं तीन वेळां करून सरासरी काढावी. घरच्या वाटींत किती पाणी मावतें तेंहि एकदां वजन करून ठेवावें. पाण्याचे जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर ती वाटी आहे. एवढ्या एका आंकड्यानें जुन्या वहींतील पुष्कळ कृति उलगडतात.

नोंदींत काय असावें

प्रत्येक कृतीच्या नोंदींत पुढील कलमें असावींत.

1. कृतीचें घरांतील नांव, व शेजारच्या समाजांत किंवा गांवांत चालणारीं इतर नांवें. वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी यांच्या बोलींत एकाच पदार्थास निरनिराळीं नांवें असूं शकतात.
2. जिन्नस व त्यांचें वजन ग्रॅमांत. वाटी-मूठ हें माप शेजारीं ठेवण्यास हरकत नाहीं.
3. जिन्नसाचा वाण व तो कोठून आला तें. नुसतें ‘केळें’ न लिहितां ‘राजेळी, अमुक वाडीचें’ असें लिहावें.
4. हंगाम व महिना.
5. भांडें, जळण अथवा ऊन, व लागलेला वेळ.
6. कृति कोणाकडून आली व नोंद कोणत्या तारखेस केली.
7. ज्यावांचून कृति बिघडते किंवा बाधते ती गोष्ट. ही अगदीं वरच्या ओळींत असावी.

शेवटच्या कलमाचें महत्त्व शेवळाच्या भाजीवरून कळेल. पावसाच्या आरंभीं रानांत येणारें हें शेवळ सुरणाच्या कुळांतील आहे. त्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यामुळें घसा खाजतो. म्हणून आपल्याकडे त्याबरोबर काकडाचीं आंबट फळें घालण्याची रीत आहे. ज्या घरीं ‘शेवळाची भाजी’ एवढेंच लिहून ठेवलें व काकडाचा उल्लेख राहिला, त्या घरची सून ती भाजी एकदांच करील, पुन्हां करणार नाहीं. एका शब्दाच्या अभावीं एक भाजी घरांतून जाते, ती अशी.

प्रणालीचा खरा उपयोग

ही तयारी झाल्यावर संगणक मोठें काम करतो. या प्रणालींत ‘मीली’ व ‘टँडूर’ या फुकट मिळणाऱ्या असून त्या आपल्याच संगणकावर बसवितां येतात. मात्र बसविण्यास जाणत्या माणसाची मदत लागते. ‘पॅप्रिका’ ही विकत घ्यावी लागते, पण वापरण्यास सोपी आहे. यांपैकीं कोणतीहि न घेतां साध्या तक्त्याच्या प्रणालींत, म्हणजे एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्क यांत, वरील सात कलमांचे सात रकाने पाडूनहि आरंभ करतां येतो.

पहिला लाभ शोधण्याचा. ‘शेवगा’ हा शब्द टाकतांच ज्या ज्या कृतींत शेवगा आहे त्या समोर येतात. वाडींत एखादें पीक एकदम भरास आलें म्हणजे याची किंमत कळते. दुसरा लाभ हंगामाच्या खुणेचा. प्रत्येक नोंदीस ‘वैशाख’, ‘आषाढ’ अशी खूण लावली म्हणजे त्या महिन्यांत काय वाळवावयाचें व काय मुरवावयाचें, याची यादी आपोआप तयार होते. तिसरा लाभ प्रमाणाचा. चार माणसांची कृति चाळीस माणसांच्या पंक्तीस गुणून मिळते व तिजवरून बाजाराची यादीहि निघते. चौथा लाभ जोडणीचा. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यांत वर्षाचा मसाला भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत दडपून भरतात. त्याची नोंद एकदां करून ज्या कालवणांत तो पडतो त्या सर्वांस ती जोडून ठेवितां येते.

मालाची विक्री करणाऱ्यांस आणखी एक कारण आहे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे लागतात. ज्याच्यापाशीं वजनें नाहींत तो हा क्रम प्रामाणिकपणें छापूं शकत नाहीं. डहाणू-घोलवडच्या चिकूस भौगोलिक मानांकन मिळालें आहे. अशा मानांकनाच्या अर्जांत मालाच्या उत्पादनाची रीत लेखी सांगावी लागते. आपल्या भागांतील एखाद्या पदार्थासाठीं उद्यां तसा प्रयत्न करावयाचा झाल्यास घरोघरच्या तारीखवार नोंदी हाच त्याचा पाया होईल.

सुकेळ्यांचें उदाहरण

पिकलेलीं राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवितात, हें सर्वांस माहीत आहे. पण किती वाळवावीं, याचें उत्तर ‘हाताला कळतें’ असें मिळतें. येथें वजन कामास येतें. समजा, सोललेला गर 100 किलो आहे व त्यांत शेंकडा 70 भाग पाणी आहे. म्हणजे कोरडा अंश 30 किलो. शेंकडा 20 भाग पाणी राहीपर्यंत वाळविल्यास माल 37.5 किलो भरेल. शेंकडा 30 भाग ठेवल्यास सुमारे 43 किलो. वरचे पांच किलो तोलांत गोड वाटतात, परंतु तें पाणी आहे, व ओल अधिक तितकी बुरशीची भीति अधिक.

म्हणून प्रत्येक खेपेस घड कापल्याची तारीख, सोलण्यापूर्वींचें व नंतरचें वजन, उन्हाचे दिवस, मध्यें ढग आले तर तो दिवस, अखेरचें वजन, आणि माल किती दिवस टिकला, एवढें लिहावें. तीन-चार खेपांच्या नोंदी शेजारीं ठेवल्या म्हणजे आजीबाईंच्या हाताला जें कळत होतें तें आंकड्यांत दिसूं लागेल, आणि नवशिका हातहि त्या अंकावर थांबूं शकेल.

सावधगिरी

यंत्र गुणाकार करतें, विचार करीत नाहीं. जिन्नस दसपट केल्यास मीठ दसपट होईल, पण शिजण्याचा वेळ दसपट होत नाहीं. लहान कढईंत जें परततें तें मोठ्या हंड्यांत वाफवतें. मोठ्या प्रमाणाची कृति एकदां प्रत्यक्ष करून तिची निराळी नोंद करावी.

दुसरें, लिपीचें. देवनागरी युनिकोड या जागतिक संकेतांतच लिहावी. जुन्या खास फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचतां येत नाहीं. शुद्धलेखनहि एकच धरावें. ‘सुकेळें’, ‘सुकेळी’, ‘सुकेली’ अशा तीन तऱ्हांनीं लिहिल्यास यंत्र त्यांस तीन पदार्थ समजेल. देवनागरी अंकांवर गुणाकार होतो कीं नाहीं, हें प्रथम एका कृतीवर पडताळून पाहावें.

तिसरें, प्रतींचें. कंपन्या बंद पडतात, मोबाइल पाण्यांत पडतात. ज्या प्रणालींतून सर्व संग्रह बाहेर काढून घेतां येत नाहीं ती घेऊं नये. दर सहा महिन्यांनीं एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी व एक कागदावर छापून जमिनीच्या कागदांच्या त्याच पेटींत ठेवावी. जुनी वही तर कधींच टाकूं नये; तिच्या पानांचीं छायाचित्रें नोंदीस जोडावींत.

यंत्राच्या भरवशावर राहणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत 1969 सालीं हनीवेल कंपनीचा स्वयंपाकघरांतील संगणक एका बड्या दुकानाच्या पत्रकांत विक्रीस आला. किंमत दहा हजार डॉलरांहून अधिक. आणि तो चालविण्यास गृहिणीनें दोन आठवड्यांचें शिक्षण घ्यावें अशी अपेक्षा. एकहि विकला गेल्याचा दाखला नाहीं. जें साधन स्वयंपाक करणारीच्या भाषेंत बोलत नाहीं तें तिच्या ओट्यावर टिकत नाहीं. म्हणून घरांत जी भाषा व जी बोली चालते तिच्यांतच नोंद ठेवावी, आणि टंकण्याचें काम नातवंडांनीं करावें.

एकदम शंभर कृतींचा संकल्प करूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध बाईस ज्या पांच कृति येतात व दुसऱ्या कोणासहि येत नाहींत, तेवढ्या प्रथम घ्याव्या. एक कांटा, एक वही व एक मोबाइल एवढें भांडवल पुरे आहे. हंगाम दरवर्षीं फिरून येतो; परंतु ज्यांचा हात मोजावयाचा आहे त्यांचें वय पुढें जात आहे, हें ध्यानांत घेऊन वाचकांनीं येत्या हंगामापासूनच या कामास हात घालावा.