बाळंतपणानंतरची भांडणे आणि खोडव्याचा धडा



आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी मुंबईत नांदतात. गिरगावात, फणसवाडीसारख्या ठिकाणच्या जुन्या चाळीत संसार बहुधा एकाच खोलीचा. पहिले बाळंतपण माहेरी होते, सव्वा महिना विसावा मिळतो. लेक परत गेली की थोड्याच दिवसांत निरोप येतो, 'दोघांचं पटत नाही.' शिवारफेरीत ही काळजी आमच्याही कानांवर येते.

दोष दरवेळी स्वभावाचा नसतो, पुष्कळदा झोपेचा असतो. तान्हे मूल दिवस-रात्रीत ८ ते १२ वेळा अंगावर पिते. आईला सलग झोप नाही. बापाला सकाळी कामावर जायचे. खोली एकच, मग शब्दाने शब्द वाढतो.

लागणीला आपण जपतो, खोडवा वाऱ्यावर सोडतो आणि टनेज घटते. घरातही तसेच. सगळे बाळाकडे बघतात, आईकडे कोणी बघत नाही. म्हणून रात्रीचे लंगोट बापाने बदलावेत. दिवसा दोन तास आईला निजू द्यावे. वडीलधाऱ्यांनी भांडणात बाजू घेऊ नये.

पहिल्या आठवड्यातले रडू बहुधा आपोआप थांबते. उदासी दोन आठवड्यांपुढे टिकली तर आजार समजून डॉक्टरांना दाखवावे. २०२२ साली सुरू झालेली सरकारी 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

जावयाला हे जरूर सांगा, पण आधी आपल्या लेकाला सांगा.

— ऊस विकास अधिकारी